सटवाजीचा सत्कार

आमच्या दाजीला दारूनं मारलं असं झरी गाव म्हणतं. म्हणू द्या. गावाच्या तोंडाला कोण हात लावणार?

सटवाजी म्हणजे माझ्या बहिणीचा, कडूबाईचा नवरा. चार एकराचा धनी. शुद्धीत असला की तिफण अशी धरायचा की पेरणीची ओळ सुतानं मापून घ्या. प्याला की त्याच हातानं बायकोला मारायचा. दोनदा तिचं डोकं फोडलं. दोनदा मी त्याला बदडला. उपयोग शून्य!

उपाय काय कमी केले? पोखर्णीला नरसिंहाच्या पायरीवर शपथ घ्यायला लावली. ती गावात पोचायच्या आत मोडली. भजनी मंडळात बसवला, तर टाळकरी आधी त्याच्या तोंडाचा वास घ्यायचे, मग टाळ द्यायचे. परभणीला एका शिबिरात नेला. तिथं डॉक्टरनं त्याला उभं केलं अन् सगळ्यांना म्हणला, "बघा, असे पिवळे होतात डोळे." दाजी तिथून उठला तो सरळ गुत्त्यावर.

मग शहाऐंशी साली त्याला ती गुरुवारची बैठक सापडली. परभणीतच, एका बंद पडलेल्या शाळेच्या खोलीत. दहाबारा पिणारी माणसं गोल करून बसायची, आपापली कर्मकहाणी सांगायची, चहा पिऊन घरी जायची. कडूबाईनं विचारलं, "तिथं औषध देतेत का?"

"न्हाई. तिथं गाव विचारत न्हाईत, आडनाव विचारत न्हाईत. मी बोलतो अन् कोणी हसत न्हाई. बस."

तेवढ्यावर माणूस वर्षभर कोरडा राहिला. नामांतराच्या बंदला एसटी उभ्या होत्या, तर हा बहाद्दर पहाटे उठून पायी परभणीला गेला. एक गुरुवार चुकला तर आपण पिणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मला मात्र वाटलं, यानं बाई ठिवली. म्हणून एकदा गपचूप मागं गेलो अन् समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. बैठक सुटली तशी माणसं बाहेर आली. आपल्याकडं माणूस हुडकायला काय लागतं? कोणत्या गावचे, कोणाचे पाव्हणे! टपरीवाल्याला इतकंच विचारलं अन् अर्ध्या तासात सगळ्यांची कुंडली माझ्या खिशात. पालमचे बन्सीधर मास्तर, कचेरीतले गोविंदराव, एकाहून एक माणसं. माझी तर छाती फुगली. आमचा दाजी कोणात बसायलाय!

माणसानं चांगलं काम केलं की सत्कार करायचा, ही आपली रीत. दाजीला अचंबा वाटावा म्हणून त्याला काहीच सांगितलं न्हाई. मंडप ठरवला, भोंगा ठरवला, शाल-नारळ आणला. पत्रिका छापली. अन् पत्रिकेवर नावं नसली तर ती पत्रिका कसली? 'दारू सोडल्याबद्दल श्री. सटवाजी यांचा जाहीर सत्कार. प्रमुख उपस्थिती : दारू सोडलेले मान्यवर.' खाली सगळ्यांची नावं, गाव अन् हुद्द्यासकट. परभणी-पालमच्या बसस्टँडवर चिकटवायला माणूस धाडला. त्यांचाबी मान वाढावा, दुसरं काय!

सत्काराला त्यांच्यातलं कोणी आलं न्हाई. फक्त बन्सीधर मास्तर आले. दाजीच्या खांद्यावर शाल पडली होती, तेवढ्यात ते मंडपात शिरले अन् पत्रिका त्याच्या हातात दिली.

"सटवाजीराव, नावं तुमी दिली? आज माझ्या वर्गातल्या पोरांनी फळ्यावर बाटली काढली होती."

दाजीनं पत्रिका तेव्हा पहिल्यांदा बघितली. "आईशप्पत मास्तर, मी न्हाई."

"मग झरीत आमाला दुसरं कोण ओळखतं?"

दाजीनं माझ्याकडं बघितलं. माईक माझ्या हातात होता. सगळं गाव समोर बसलेलं, पंचायतीची निवडणूक तोंडावर, मी उमेदवार. एक वाक्य बोलायचं होतं. मी माईकवर म्हणलो, "आता सटवाजीराव आपल्याला दोन शब्द सांगतील."

मास्तर निघून गेले. दाजीनं खांद्यावरची शाल काढून खाली ठिवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या गुरुवारी तो गेला तर खोलीला कुलूप. टपरीवाला म्हणला, बैठक दुसरीकडं नेली, अन् झरीच्या माणसाला पत्ता द्यायचा न्हाई असं सांगून गेलेत. त्या दिवशी दाजी पिऊन आला. मग रोज. कडूबाई मला म्हणायची, "दादा, तू छापलं असं जाऊन सांग की रे त्यांना." मी म्हणायचो, जातो. गेलो न्हाई. लाज वाटत होती, अन् निवडूनबी आलो होतो.

वर्ष सरायच्या आत दाजी रक्त ओकून गेला. दहाव्याला बहीण माझ्यासमोर उभी राहिली. रडली न्हाई. म्हणली, "आता तरी जा."

नवी खोली हुडकायला मला एक दुपार पुरली. बैठक भरली होती, बन्सीधर मास्तर दाराशीच बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं ओकलो: मागं गेलो, नावं काढली, मीच छापली, दाजीला ठाऊकसुद्धा नव्हतं. कोणी शिव्या दिल्या न्हाईत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी माझा हात धरला. "आमी लय अन्याय केला त्यांच्यावर. त्यांना म्हणावं, राग सोडा अन् येत्या गुरुवारी या. मी स्वतः बसस्टँडवर घ्यायला येतो."

सगळे माझ्याकडंच बघायलेत.

"बरं," म्हणलो मी, "सांगतो त्यांना," अन् चपला घालून बाहेर पडलो.