तोड्यांसकट वजन

त्या संध्याकाळी आम्ही दोघं नवरा-बायको अंगणात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलो होतो. सोलत मी होतो, खात पार्बता होती. मी म्हटलं, "भाजीले ठेवशीन का नाई?" तर म्हणाली, "भाजी खाल्ली काय अन् दाणे खाल्ले काय, जाते त पोटातच." आजारानं तिचं अंग पार उतरलं होतं. पायातले चांदीचे तोडे टाचेवर घसरायचे, म्हणून तिनं त्यांना आतून चिंध्या गुंडाळल्या होत्या. त्या चिंध्या सारख्या करता करता तिनं एकदम विचारलं, "का जी, त्या सर्वेवाल्या बाईनं लिवलं ते वजन माह्यं होतं, का तोड्याचं?" मी हसलो. "एवढ्या वर्षांनी आता काऊन?" "असंच. मले मालूम पडाले पायजे." मी म्हटलं, उद्या सांगतो... दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. प्रश्न माझ्याकडं राहिला.

त्याला आता दीड महिना होत आला. मी चौथीपर्यंत शिकलेला, देवळीकडचा शेतीवाला माणूस. मेलेल्या माणसाबद्दल सगळे गोडच लिहितात. मी खरं लिहितो. पार्बता फटकळ होती, घोरायची, अन् माझ्या ताटातलं उचलून खायची. अल्लीपूरहून लग्न करून आणली तेव्हा मात्र नुसती काडी होती. बाप लहानपणीच गेलेला, घरात खाणारी तोंडं पुष्कळ. पाठवणीच्या वेळी तिची आई सगळ्यांदेखत मला म्हणाली, "जावईबापू, पोरगी आमच्या घरी सुकली. तुमच्या घरी भरली, त मी समजन चांगल्या ठिकाणी पडली." मग म्हातारी जेव्हा येई तेव्हा आधी लेकीचा दंड चेपून पाही, बैलबाजारात पाहतात तसा. पार्बतानं ते मनावर घेतलं. पोरं झाली, तिचं अंग भरत गेलं, गाव तिला जाडी म्हणू लागलं, अन् हिला तो मान वाटे. शहरात आता जाड होणं म्हणजे दुखणं म्हणतात. आमच्याकडं ते घरच्या चुलीचं नाव होतं. बायको रोडावली तर लोक नवऱ्याकडं पाहत.

सर्वेवाली बाई आली ती कापूस वेचणीच्या दिवसांत. वर्ध्याहून आलेली, चष्मेवाली, पोरसवदा. कोण किती जाड, कोण किती रोड, हे पाहायचं होतं म्हणे. निवडलेल्या घरांतच जायचं, पण अर्ध्या घरांना कुलूप. काटा शेणानं सारवलेल्या जमिनीवर डगमगला, म्हणून आम्ही खाली फळी दिली. बाई म्हणाली, "मावशी, तोडे काढून ठेवा." पार्बता म्हणाली, "काऊन काढू? नवरा जित्ता हाये माह्या!" जमलेल्या बायांनी माना डोलावल्या. बाई बिचारी तोड्यांसकट तोलायला तयार झाली. पण मला ठाऊक होतं. काट्यावर चढायच्या आधी हिनं ठेवणीतलं जाडजूड लुगडं नेसलं होतं, अन् चुलीमागं जाऊन लोटाभर पाणी घटाघटा प्यायली होती. काटा सरकला. बाई म्हणाली, "मावशी, जरा जास्तच आहे." पार्बतानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच कुस्ती मारली. "आयकलं का जी? जास्त हाये म्हणते!"

संध्याकाळी बाई कुलपाच्या घरांकडं पुन्हा गेली. शेजारची सखू वावरातून नुकतीच आलेली, डोक्यावर कापसाचं गाठोडं, गळ्याची हाडं मोजून घ्यावीत अशी. ती काट्यावर चढेना. आमच्याकडं गिरडला नवस फेडताना लेकराला गुळानं तोलतात. सखू म्हणाली, "नवस नाई काई नाई, अन् उगीच तोललं त देव म्हणन, आण गूळ! कुठून आणू बाप्पा? माह्या बदल्यात पार्बताबाईले तोला, थे रिकामीच हाये." तोवर पार्बता काट्यावर चढलीही होती. बाई हसता हसता खालीच बसली. पण तसं तिनं लिहिलं नाही. सखूची जागा कोरी सोडली.

एसटीपर्यंत मी बाईला पोचवायला गेलो. विचारलं, "बाई, असं तोलून खरं निघते का?" तिनं काट्याची पिशवी खांद्यावर सरकवली. मग म्हणाली, "काका, कोणी पाणी पिऊन येतं, कोणी उपाशी येतं. पुष्कळ माणसं तोलली की ते एकमेकांत फिटतं. पण वावरात गेलेल्या बायका सगळ्याच सुटल्या तर ते फिटत नाही. ती चूक एकाच बाजूची." हे मी आजही घोळवतो. एखादं गाठोडं ओलं निघालं तर कापसाचा ढीग बिघडत नाही. काटाच एकीकडं झुकलेला असला तर? पुढं दोनेक वर्षांनी गुरुजींनी पेपरात वाचून दाखवलं, की आपल्या भागातल्या बायांचं अंग वाढून राह्यलं. मी म्हटलं, "मले त गावात तू एकटीच दिसते." पार्बता म्हणाली, "मंग मीच असन थे." त्या दिवशी तिनं भाकर जरा जास्तच थापली.

सवाष्ण गेली. बायांनी नटवली, अन् नेण्याआधी तोडे उतरवले. चिंध्यांसकट हातातच आले. कोणीतरी म्हणालं, "किती वाळली वं बाई!" अन् माझ्याकडं पाहिलं... तेव्हा कळलं, ती आदल्या संध्याकाळी मला काय विचारत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला निघालो, तेव्हा तोडे धोतराच्या सोग्यात बांधले. वाटेत रामाजीचं किराणा दुकान. सुतकातला माणूस दुकानात कसा चढणार, म्हणून रस्त्यावरूनच हाक मारली. तो तराजू घेऊन खाली आला.

"काका, मोडाचे हायेत का?"

"नाई. फकस्त तोलून दे."

चिंध्या सोडून तोडे पारड्यात ठेवले. त्यानं किलोचं वजन टाकलं, तोडे वर गेले. ते काढून अर्ध्याचं टाकलं, तरी वरच. मग तो लहान लहान वजनं टाकत बसला.

"बस, एवढंच?"

"एवढंच, काका."

मी भर रस्त्यात हसलो. बरोबरचे लोक पाहत राहिले. तोडे काढा, लोटाभर पाणी काढा, लुगडंही काढा, बाकी सगळी पार्बताच. चिंध्या पुन्हा होत्या तशा गुंडाळल्या अन् मसणवट्यात गेलो. राख अजून कोमट होती. जवळ बसलो अन् सांगितलं,

"तुह्यंच होतं वं."