ग्वेंडाचा साक्षीदार

ग्वेंडा प्रॉसर सत्तेचाळिसाव्या वर्षी वकिलीच्या उमेदवारीला लागली. त्याआधी बावीस वर्षं ती त्याच पेढीत टाइप करत होती. वेल्सच्या हद्दीला लागून असलेलं ते बाजारगाव, तीन वकिलांची पेढी. अर्ध्या गावाची मृत्युपत्रं तिच्या बोटांखालून गेलेली. बटाटे शिजेपर्यंत एक पान, असं करत तिनं परीक्षा दिल्या आणि पासही झाली. आता उमेदवारीचे सहा आठवडे उरले होते. तिच्यावर देखरेख चौतीस वर्षांच्या टॅमसिनची. टॅमसिन पेढीत नवी आली तेव्हा किटली कुठं असते हे ग्वेंडानंच तिला दाखवलं होतं. जग असंच फिरतं.

गुरुवारी ग्वेंडाला पहिल्यांदा एकटीला पाठवलं, एडविन बेव्हनकडे. म्हाताऱ्याची फुप्फुसं थकली होती. जमीनजुमला ब्रिस्टलच्या पुतण्याला, पण घरामागची नासपतीची बाग शेजारच्या नेटा गॉफला द्यायची, एवढा एकच ध्यास. नऊ वर्षं नेटा रोज दुपारी झाकलेलं ताट घेऊन यायची.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक ग्वेंडा. दुसरी साक्ष नर्सबाई देणार होत्या, पण त्यांची गाडी चिखलात रुतली. अंगणात क्लेम पन्हळ दुरुस्त करत होता. क्लेम म्हणजे नेटाचा माणूस. ग्वेंडानं मनाशी कायदा घोकला: ज्याला मिळायचं तो साक्षीदार चालत नाही, त्याचा नवरा किंवा बायकोही चालत नाही. पण क्लेम नवरा कुठं होता? तीस वर्षं दोघं लग्नावाचून एका घरात राहतात, हे दरीतल्या मेंढरांनाही ठाऊक. पाद्रीबाईंना तर जरा जास्तच. म्हणून तिनं क्लेमला हाक मारली. त्यानं हात पुसले आणि सही ठोकली.

शुक्रवारी सकाळी तोच क्लेम पेढीत हजर. टोपी हातात, कान लाल.

"बाई, या कागदाच्या नकलेवर तुमचा शिक्का हवा. नेटाचं नाव बदलायचंय, बँकवाले ऐकेनात."

"नाव कशाला बदलायचं?"

"हळू बोला हो. लग्न केलं आम्ही. तीन आठवडे झाले. हेरफर्डला जाऊन उरकून आलो. या वयात लोक हसतील म्हणून कुणाला बोललो नाही."

ग्वेंडानं उचललेला शिक्का खाली ठेवला. "अहो क्लेम, मग काल सही करताना सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

खरंच होतं ते. नवऱ्याची साक्ष, म्हणजे नेटाची बाग गेली. क्लेम गेल्यावर ग्वेंडानं कपाटाकडे पाहिलं. एडविनचं मृत्युपत्र आत होतं, आणि लग्नाची नि सहीची तारीख ताडून बघणारं सध्या तरी कुणी नव्हतं. सांगावं, तर बावीस वर्षांनी हाताशी आलेला घास जायचा. न सांगावं, तर नऊ वर्षांच्या ताटांचं काय?

ती उठली आणि टॅमसिनच्या दारात उभी राहिली. बसलीसुद्धा नाही. सगळं सांगून टाकलं.

"तू विचारलं नाहीस?" टॅमसिन म्हणाली.

"अख्ख्या दरीला माहीत होतं गं."

"अख्ख्या दरीला चुकीचं माहीत होतं." टॅमसिननं कोट अंगात चढवला. "नवा कागद छाप. दुसरी साक्षीदार मी. आणि गाडी तू चालव, मला तुमच्या त्या अरुंद रस्त्यांची भीती वाटते."

पोचल्या तर एडविन गाढ झोपेत. नेटा दारातच रडवेली; क्लेमकडून तिला सगळं कळलं होतं. ग्वेंडानं तिचा हात धरला. "तुमचं गुपित त्यांना सांगावं लागेल."

"सांग. मलाच तोंड नव्हतं," म्हणत नेटा क्लेमला घेऊन अंगणात गेली.

दोघी उशाशी बसून राहिल्या. एडविनचा श्वास यायचा, अडायचा, पुन्हा यायचा. तीनच्या सुमाराला डोळे उघडले.

"मिस्टर बेव्हन, माझ्या हातून चूक झाली," ग्वेंडा म्हणाली, आणि कसलीही सबब न सांगता तिनं चूक सांगितली.

म्हातारा एवढा हसला की खोकल्यानं पाठ चोळावी लागली. "लग्न! तीस वर्षं कानीकपाळी ओरडलो, आणि केलं तर मलाच बोलावलं नाही? आण तो कागद, पोरी. नाहीतर रागाच्या भरात बाग मेंढरांना देईन."

म्हातारा पुरता भानावर आहे याची खात्री म्हणून टॅमसिननं आज वार कोणता, बाग कुणाला द्यायची, सगळं विचारून घेतलं. मग त्यानं पेन धरलं. हात थरथरत होता. धरून आधार द्यावा असं ग्वेंडाच्या फार मनात आलं, पण तिनं फक्त कागदाखालची पाटी घट्ट धरून ठेवली. अक्षरं डोंगर चढल्यासारखी वर वर गेली, पण नाव पुरं झालं.

"आता बोलवा त्या नवरीला," तो म्हणाला. "चांगली झापतो."

नेटा आली. तिला जवळ बसवून तो तिच्या बोटातली अंगठी कितीतरी वेळ चाचपत राहिला. झापायचं राहूनच गेलं.

नऊ दिवसांनी तो गेला. बाग नेटाकडे आली. ग्वेंडानं उमेदवारीच्या वहीत ती चूक स्वतःच्या हातानं सविस्तर लिहिली. टॅमसिननं पान वाचलं, एक शब्दही न खोडता खाली सही केली आणि म्हणाली, "जा, किटली ठेव. नाही, थांब. आज मी ठेवते."