फिल्टर मागच्या भिंतीला गेले
चाकणच्या एका गोडाऊनमध्ये मी गाड्यांचे सुटे भाग काढून देण्याचं काम करते. हातातल्या स्कॅनरवर ऑर्डर येते, ट्रॉली घेऊन रॅकपाशी जायचं, माल उचलायचा आणि पॅकिंगच्या टेबलावर आणून द्यायचा. सगळ्यात जास्त मागणी ऑइल फिल्टरना. ते दाराजवळ, टेबलाला लागूनच असायचे, त्यामुळे बोलता बोलता शिफ्ट निघून जायची.

मग एक नवा मोठा ग्राहक आला. त्याला दाराजवळचीच जागा हवी होती, करारातच तसं ठरलं होतं म्हणे. एका सुट्टीच्या दिवशी आमचे फिल्टर पार मागच्या भिंतीला नेले आणि त्यांच्या जागी बंपरचे खोके आले. ते आठवड्यातून एखाद्या वेळी हलायचे.

माझ्या जोडीला जवळच्याच गावातल्या एक मावशी होत्या. त्यांच्या टाचा आधीपासूनच दुखायच्या. आता दर ऑर्डरला त्या टोकापर्यंत चालायचं, आणि तिथं अरुंद गल्लीत सगळ्यांच्या ट्रॉल्या अडकलेल्या. सगळ्यांचंच काम मागं पडलं. ऑर्डरला उशीर झाला म्हणून स्कॅनर लाल दाखवायला लागला.

मी सुपरवायझरकडे गेले. "सर, निदान फिल्टर तरी पुढे आणा. बंपरच्या रॅकचा खालचा कप्पा रिकामाच असतो."

"मला दिसत नाही का, ताई? दोनदा मेल टाकलाय. रिकामी असली तरी जागा त्यांची आहे."

"मग मावशींना पॅकिंगला तरी घ्या."

"ते वरून ठरतं."

ते चिडले असते तर भांडता तरी आलं असतं.

मावशींचे फिल्टर मीच माझ्या ट्रॉलीत आणून बघितले, पण ऑर्डर ज्याच्या स्कॅनरवर, माल त्यानंच रॅकपाशी जाऊन स्कॅन करायचा. माझा स्कॅनर ते घेईना. चहाच्या सुट्टीत मावशी बूट काढून बसायच्या आणि सुट्टी संपली की सुजलेला पाय आत जायचा नाही. मी खाली बसून नाडी सैल करून द्यायचे.

एक दिवस त्या म्हणाल्या, "उद्यापासून मी न्हाई येत. घरी बसून काय करनार, ठावं न्हाई. पर एवढं चालनं आता माझ्यानं व्हनार न्हाई."

थांबा म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण कशाच्या भरवशावर म्हणणार? त्यांची पिशवी तेवढी गेटपर्यंत पोचवली. अजून त्यांच्या जागी कोणी आलेलं नाही. त्यांच्या वाट्याच्या ऑर्डरी आम्हालाच येतात.