बाटल्यांचं वाण

आमच्या रिठदहून वाशीमचा सरकारी दवाखाना म्हणजे निम्म्या दिवसाची चाल. औषध फुकट मिळायचं, पण बाटली आपली न्यावी लागायची. ज्याच्या घरात कधी बाटलीच आली नाही त्यानं ती कुठून आणायची, हे सरकारला सुचलं नव्हतं. मलाही नाही, कारण आमच्या माळ्यावर बाटल्या धूळ खात पडल्या होत्या.

आमच्या शेतात कापूस वेचायला एक विधवा यायची. हिवतापानं तिच्या पोरीची पार रया गेली होती. पोरीला पाठीवर घेऊन ती दवाखान्यात गेली. कंपाउंडरनं बाटली मागितल्यावर तिनं पदराखालून मातीचं बोळकं काढलं. त्यानं चार शब्द सुनावून त्यातच हिवतापाचं कोयनेल ओतलं. निम्मं वाटेत सांडलं, उरलेलं बोळक्यात जिरलं.

"औषध मातीनंच पिलं, बाई," ती माझ्या दारात येऊन म्हणाली. "पोरीले आता काय पाजू?"

माझं डोकंच फिरलं. माळ्यावरची बाटली काढून उकळली, गाडी जुंपायला लावली आणि मायलेकींना परत वाशीमला धाडलं. पण अशा आणखी किती जणी असतील, हे काही डोक्यातून जाईना.

संक्रांत होऊन गेली होती. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं करताना मी घरोघरी बजावलं, "औंदा मी वाण देनार नाही, घेनार हाये. रिकामी बाटली घेऊन या."

"कायले वो?"

"या तर खरं!"

आल्या. गुलाबपाण्याच्या, तेलाच्या, काढ्याच्या. एका मोठ्या सोवळ्या घरातून चार बाटल्या आल्या, त्यांचा वास काही लपेना. मुरंब्याच्या आहेत म्हणे. "मुरंबा मोठा कडक दिसते तुमच्याकडचा!" मी म्हटलं, आणि अंगणभर हसू फुटलं.

त्या विधवेलाही मी बोलावलं होतं. कोणाला कशाची गरज आहे हे तिला माहीत, म्हणून बाटल्या तिच्याच हाती द्यायच्या होत्या. ती फाटकाबाहेरच थांबली.

"मले हळदीकुंकवात चालत नाही, बाई."

"बाटल्याइले चालते," मी म्हणाले आणि हाताला धरून तिला मधोमध बसवलं. एक म्हातारी तडक उठून गेली. गेली तर गेली. तिची बाटली राहिली.

ताप उतरला तरी पोर अजून अंथरुणातच होती. आई बाटल्या पुसत होती, पण लक्ष घराकडे. तेवढ्यात फाटक वाजलं. भिंतीचा आधार घेत पोर स्वतःच्या पायांनी आत आली. हातात माझी बाटली, राखेनं घासून लख्ख केलेली.

"हे दुसऱ्याले द्या," ती मला म्हणाली. "मले आता लागत नाही."

आईनं तोंडाला पदर लावला. मलाही रडू आवरेना. मी बाटली ढिगात ठेवली आणि पोरीच्या तोंडात तिळाचा लाडू घातला.