चुरीभाऊंचं प्रेशर

तलासरीच्या आमच्या सरकारी कचेरीत गोपीनाथ चुरी अव्वल कारकून. रोज चिखल्याहून येणार आणि पावणेदहाला खुर्चीत. सत्तावीस वर्षांत आजारपणाची एकही रजा घेतली नाही, हे ते नव्या माणसाला स्वतःच्या नावाआधी सांगत.

२०१७ च्या जानेवारीत कचेरीत आरोग्य तपासणी ठेवली. सगळ्यांनी हजर राहावं असं परिपत्रक चुरीभाऊंनीच काढलं. दवाखान्यातून जयश्री सिस्टर आल्या, तर पहिले हेच बसले.

"आधी माझं बघा. निरोगी माणसावर मशीन तपासलेलं बरं."

पट्टा फुगला, सैल झाला. सिस्टरांनी पुन्हा बांधला. मग दुसऱ्या हाताला बांधला.

"भाऊ, वरचं एकशे नव्वद, खालचं एकशे दहा."

"मशीन बिघडलंय."

सिस्टरांनी आमच्या शिपाई बायजीला बसवलं. तिचं एकशे सोळा, शहात्तर.

"ती दिवसभर फायली घेऊन जिने चढते. तिचं बरोबरच येणार," चुरीभाऊ म्हणाले आणि थबकले. आपण मशीनचीच बाजू घेतली, हे त्यांच्या ध्यानात आलं.

"पण मला काही होत नाही हो! चक्कर नाही, डोकं दुखत नाही."

"दुखत नाही म्हणून तर कळलं नाही. शेवटचं कधी मोजलं होतं?"

"नोकरीला लागताना."

तरी त्यांचं समाधान होईना. संध्याकाळी डहाणूत एका डॉक्टरांकडे, दुसऱ्या दिवशी वाणगावला आणखी एकाकडे. सरकारी शिस्तीप्रमाणे तीन दरपत्रकं मागवली म्हणा ना. तिन्ही सारखीच आली.

गोळी सुरू झाली. वसुमतीवहिनींनी ताटातले सुके बोंबील आणि पापड बंद केले. आता घरात रण माजणार असं त्यांना वाटलं, पण हे मुकाट जेवले. लकव्याचं, किडनीचं डॉक्टर जे बोलले होते, ते त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं. माणूस घाबरला होता.

आठवड्याभरात ते कचेरीत टेबलाटेबलाशी फिरू लागले. तपासणीच्या दिवशी अकरा जण 'कामात' होते. त्यातला यतीन, कनिष्ठ लिपिक, हसायला लागला.

"भाऊ, मी चौतिशीचा. दर रविवारी क्रिकेट खेळतो."

"म्हणजे तूही माझ्यासारखाच निरोगी. जा, मोजून ये."

तो जाईना, तेव्हा भाऊंनी त्याचा रजेचा अर्ज दाबून धरला. यतीन तणतणत दवाखान्यात गेला आणि उतरलेल्या चेहऱ्याने परत आला. एकशे साठ, शंभर. अकरा जणांत असे चौघं निघाले.

तेव्हापासून मधल्या सुट्टीत हे दोघं हायवेपर्यंत चालत जातात. यतीन पुढे, चुरीभाऊ मागून धापा टाकत, "अरे, दमानं!"

गेल्या महिन्यात यतीनचं एकशे बावीस भरलं, भाऊंचं एकशे चौतीस. सिस्टर म्हणाल्या, दोघांचंही छान आहे. चुरीभाऊ दोन दिवस यतीनशी बोलले नाहीत.