गुरुवारचं पिट बीफ

मनोहर देशकर वीस वर्षं दर गुरुवारी बीफ खात होता, आणि त्याच्या बायकोला वाटायचं की तो दोन केळ्यांवर राहतो. एवढंसं खोटं. ते जिवावर बेतेल असं कुणाच्या मनात येणार?

१९९९ साली तो नागपूरहून बाल्टिमोरला आला. वय सव्वीस. कंपन्यांच्या कॉम्प्युटरमधल्या तारखा दुरुस्त करायचं काम. मोटेलची खोली, खिडकीबाहेर बर्फ, ओळखीचं कुणी नाही. पहिल्याच आठवड्यात ऑफिसातल्या एकाने त्याला हायवेलगतच्या टपरीवर नेलं. डॉट नावाची बाई कोळशावर मांसाचा मोठा गोळा भाजत होती. बाहेरून काळा, आतून गुलाबी. कागदासारखे काप, गोल पाव, कच्चा कांदा, नाकात झिणझिण्या आणणारी पांढरी चटणी.

"खा मॅनी, फार वाळलायस तू," ती म्हणाली.

घर सोडल्यापासून हे कुणी म्हणालं नव्हतं. कशाचं मांस, हे त्याने विचारलं नाही. पाटीवर लिहिलेलंच होतं : पिट बीफ.

पुढे मराठी मित्र जमले. सगळे तर्री-पोह्यांच्या आठवणी काढायचे. मनोहरही काढायचा. पण ताप आला की त्याला कँटीनमधलं ग्रिल्ड चीज आणि टोमॅटोचं सूप हवंसं व्हायचं. आणि मन उदास झालं, की पिट बीफ.

मग लग्न झालं. सुवर्णा दत्ताची भक्त. घरात चिकन चालायचं, तेही रविवारी. गुरुवार मात्र कडक. डब्याऐवजी दोन केळी, संध्याकाळी आरती, मग भगर आणि शेंगदाण्याची आमटी. गुरुवारी डबा नाही म्हणून त्याच दिवशी तो डॉटकडे जाऊ लागला. त्यात दुसरा कसलाही हेतू नव्हता.

यंदा जूनमध्ये आमटीचा पहिला भुरका घेतला आणि त्याचे तळहात खाजायला लागले. पुढच्या गुरुवारी ओठ सुजले. त्याच्या पुढच्या गुरुवारी श्वासाला शिट्टी आली.

"शेंगदाणे!" सुवर्णा म्हणाली. तिने डबे रिकामे केले. कूट, चिक्की, तेल, सगळं कचऱ्यात. मग त्याला ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टर म्हातारे, सावकाश बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यंदा गोचीड चावली होती का?"

"चावली होती की," सुवर्णा म्हणाली. "मेथीच्या वाफ्यात. यांच्या गुडघ्यामागून मीच ओढून काढली."

डॉक्टर पुढे झुकले. काही गोचिडी चावल्यावर बीफ, पोर्क, मटण अंगाला सोसत नाही, ते म्हणाले. आणि खाल्ल्या खाल्ल्या कळत नाही. चार-पाच तासांनी कळतं. दर वेळी जास्त. एखाद्या वेळी घसा पूर्ण बंद होतो.

मनोहरने मनात हिशेब केला. साडेबाराला डॉटचं सँडविच, साडेपाचला आमटी.

"हे खातात का असं काही?" डॉक्टरांनी सुवर्णाला विचारलं.

सुवर्णा हसली. "बीफ? आमच्यात? मटणसुद्धा बंद केलंय, कोलेस्टेरॉलमुळे. आणि गुरुवारी तर उपवास असतो."

डॉक्टरांनी मनोहरकडे पाहिलं. मनोहरने मान डोलावली. डॉक्टरांनी शेंगदाण्याची तपासणी लिहून दिली.

गाडीत ती म्हणाली, "काहीही विचारतात हे लोक."

"सुवर्णा..."

"काय?"

"एक्झिट चुकेल. उजवीकडे घे."

त्याने ठरवलं, सांगायचं कशाला? खायचंच नाही. तीन गुरुवार तो टपरीवरून सरळ पुढे गेला. काही झालं नाही. "बघितलंत? शेंगदाणेच होते," सुवर्णा म्हणाली.

चौथ्या गुरुवारी तो फक्त भेटायला म्हणून थांबला. डॉट आता ऐंशीची. खुर्चीवर बसूनच सुरी चालवायची. "मेलास की काय म्हटलं," ती म्हणाली आणि थरथरत्या हातांनी सँडविच पुढे केलं. पुढ्यात आलेलं परत करायचं नाही, ही घरची शिकवण. त्याने अर्धंच खाल्लं.

संध्याकाळी आरतीला पाच घरं जमली होती. सुवर्णाची मैत्रीण प्रीता टाळ वाजवत होती. मनोहरच्या कानांत गरम वाफ भरल्यासारखं झालं. मग जीभ जड झाली, तोंडात मावेना. तो गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला. कुणीतरी फोन लावला.

ॲम्ब्युलन्समधली दोन माणसं आत आली. एकाने मांडीत सुई टोचली. दुसऱ्याने सुवर्णाला विचारलं, "आज काय खाल्लं यांनी?"

"फक्त केळी. शेंगदाणे नाहीत, मी सगळे फेकलेत!"

मनोहरने हाताने खूण केली. त्या माणसाने पेन आणि कागद दिला.

इंग्रजीत लिहिलं तर हा माणूस मोठ्याने वाचणार, पाच घरांसमोर. आधी तिला कळू दे, त्याच्या मनात आलं. मग ती सांगेल. त्याने मराठीत लिहिलं : 'मोठ्याचं मटण. दर गुरुवारी.'

सुवर्णाने कागद वाचला. पुन्हा वाचला. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावर आली, तिथून दत्ताच्या तसबिरीवर गेली आणि तिथेच थांबली.

"काय लिहिलंय यांनी? महत्त्वाचं आहे," त्या माणसाने विचारलं.

"काय गं लिहिलंय?" प्रीता तिच्या खांद्यामागून वाकली.

सुवर्णाने मूठ मिटली.

"माय नेम," ती म्हणाली. "माझं नाव लिहिलंय."

प्रीताच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या माणसानेही मान हलवली आणि त्याच्या फॉर्मवर लिहिलं : केळी.

मनोहर जोरजोरात मान हलवू लागला. नाही, नाही. दोन हात त्याच्या कपाळावर आले आणि त्यांनी त्याचं डोकं दाबून धरलं. "शांत राहा सर," कुणीतरी म्हणालं. "तुमच्या मिसेसनी सगळं सांगितलंय."