शालीऐवजी रुमाल

नाशिकला आमच्या घरी इंटरनेट आलं तेव्हा बाबा निवृत्त झाले होते. चित्रकलेचे शिक्षक, घरात बसून जीव आंबला होता त्यांचा. आम्ही दोघांनी मिळून एक वेबसाइट काढली आणि तिच्यावरून चांगल्या मराठी वेबसाइटला पुरस्कार द्यायचं ठरवलं. तेव्हा तशी पद्धतच होती. आपण एक चित्र तयार करून पाठवायचं, समोरच्यानं ते आपल्या पानावर लावायचं.

पहिला पुरस्कार निफाडच्या एका शिक्षिकेला. तिनं सासूबाईंनी शिवलेल्या गोधड्यांचे फोटो टाकले होते, प्रत्येकाखाली एक ओळ. थोरल्या नातवाच्या बारशाची. नणंदेच्या पहिल्या दिवाळीची. आणि एक पांढरी, लाल दोऱ्याची: ‘ह्यांच्या शेवटच्या धोतराची.’ बाबांनी ती पुन्हा उघडून बघितली. मग म्हणाले, “हिलाच द्यायचा.”

भांडण झालं ते आकारावरून. मी म्हटलं, शंभर पिक्सेल पुरे. बाबा उसळले.

“पोस्टाच्या तिकिटाएवढं बक्षीस? माणसाला सत्कारात शालीऐवजी रुमाल देतेस का तू?”

“बाबा, पान उघडायला वेळ लागतो!”

“लागू दे. मान आहे तो.”

झालं! कडेनं तोरण, वर कलश, मधोमध नारळ, खाली बाबांची झोकदार सही. रुंदी सहाशे पिक्सेल. आमच्याच कॉम्प्युटरवर ते वरून खाली ओळी-ओळीनं उतरायचं. कलश दिसेपर्यंत चहा व्हायचा. मी चिडचिड केली, पण खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडलं होतं. पाठवून दिलं.

आठवड्यानं तिचं पान उघडलं. वर आमचं तोरण थाटात. बाबांची कॉलर ताठ! खाली गोधड्या बघायला गेलो, तर सहा कमी. पांढरी नव्हतीच.

मी तिच्या पानावरच्या नंबरावर फोन लावला. ती बिचारी संकोचून म्हणाली, “वेबसाइटला मिळालेली फुकटची जागा संपली हो ताई. तुमचं बक्षीस मोठं आहे ना. सासूबाईच म्हणाल्या, माझ्या फाटक्या गोधड्या काढ, पण एवढ्या लांबून आलेला मान काढू नको.”

नाशिक ते निफाड, लांब! मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. बाबांना सांगितलं. ते कॉम्प्युटरपाशी गेले. खुर्ची ओढून बसले आणि स्वतःच्या हातानं आधी नारळ पुसला, मग तोरण, मग सही. शंभर पिक्सेलमध्ये फक्त कलश उरला. “पाठव. आणि सांग, सगळ्या गोधड्या परत लाव म्हणावं.”

दोन दिवसांत सगळ्या परत आल्या. आमचं चित्र पार तळाशी, नीट बघितलं तरच दिसेल एवढं. मला हायसं वाटलं.

संध्याकाळी फोन आला. सासूबाई स्वतः होत्या. मी फोन बाबांकडे दिला, पण सासूबाईंचा आवाज खणखणीत, मलाही ऐकू येत होता.

“मास्तर, एक इचारू का? राग नाय ना येणार?”

“विचारा की मावशी.”

“सून म्हनती, बक्षीस बारकं करून धाडलंय. आमचा नंबर खाली गेला का हो? काय चुकलं असंल तर सांगा. टाके वाकडे हायेत माझे, ठावं हाय मला.”

बाबा उभे राहिले. फोनवर बोलताना कुणी उभं राहतं का? पण ते राहिले.

“नंबर पहिलाच आहे, मावशी. टाके सरळच आहेत. चुकलो मी.”

जन्मात पहिल्यांदा ऐकलं मी ते, बाबांच्या तोंडून.